ठिगळ

गोळीबार चौकात बाबांचं दुकान,
आठ बाय सहा, त्यात अर्धा माणूस आणि बाकी स्पीकर.
मारबतीच्या दुसऱ्या दिवशी रांग लागते:
फाटलेले कोन, जळालेली कॉइल,
डीजेवाल्या पोरांचे बसलेले आवाज.
बाबा सेलच्या दोन तारा टेकवतात. ठप्.
तेवढ्या एका ठपवरून सांगतात
काय गेलं, कधी गेलं आणि कोणाच्या हातानं.

त्यांचा डावा कान अठ्ठ्याण्णव सालीच गेला.
कुठल्या वरातीत, ते सांगत नाहीत.
तेव्हापासून बोटांनी ऐकतात,
कोनावर अंगठा ठेवून,
जसे आजोबा मागावरचं कापड
चिमटीत धरून पोत सांगायचे.

प्रयोगशाळेतून मी तो फाइलीत घालून आणला.
कागदच म्हणायचा.
दुधावरच्या सायीएवढा,
उजेडात धरला तर अंगभर बारीक फुगे,
मे महिन्यातल्या घामोळ्यासारखे, हजारो.
"हा स्पीकर," मी म्हटलं.
बाबांनी उलटा केला. पुन्हा सुलटा.
"मॅग्नेट?"
नाही.
"कॉइल?"
नाही.
"मंग हा दम कुठून घेते?"

मी समजावलं: वीज लागली की एकेक फुगा
केसाच्या जाडीहूनही कमी वरखाली होतो,
सगळे मिळून हवा हलवतात,
भिंतीला चिकटवा, कूलरच्या पत्र्याला चिकटवा,
छत्रीच्या आतून लावा
बाबा दुसरीकडेच बघत होते.
शटरला आतून चिकटलेली मेलेल्या स्पीकरांची मॅग्नेटं,
चाळीस वर्षांची, एकावर एक,
त्यांनी धरून ठेवलेले स्क्रू, ब्लेड, विजेचं बिल.

कॅलेंडरवर लावला. तारा जोडल्या.
मे महिना बातम्या सांगू लागला:
आज पंचेचाळीस पॉइंट दोन.
चहावाला रोमदेव कप न्यायला आला होता, तो थबकला.
"काका, तारीख बोलून राहिली का?"

बाबा हसले नाहीत.
अंगठा ठेवला कागदावर, बराच वेळ.
"खालचा सूर नाही याच्यात."
खरं होतं. आमचे सरही हेच म्हणतात,
फक्त आलेख काढून.

मग त्यांनी विचारलं, जे मला तिथं कोणी विचारलं नव्हतं:
"फाटला त?"
"फाटला तरी वाजतो, बाबा. प्रत्येक फुगा आपला आपला."
मला वाटलं, ही चांगली बातमी आहे.

त्यांनी कात्री घेतली.
तारांची पट्टी बरोबर हेरून, तेवढी सांभाळून
माझे आठ महिने उभे कापले.
दोन्ही तुकडे तेच तापमान सांगत राहिले.
बाबा आळीपाळीनं दोघांकडे बघत होते,
एखादा वैद्य बघेल तसे
कधीच आजारी न पडणाऱ्या गावाकडे.

रात्री आईनं पाटोडीचा रस्सा केला होता, झणझणीत.
त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याबद्दल
कोणी कोणाला काही विचारलं नाही.

सकाळी दुकानात गेले.
टेबलावर बारा इंची कोन,
गेल्या मारबतीतला, न्यायला कोणी न आलेला,
चार बोटं फाटलेला.
आणि त्या फाटीवर, सरस लावून,
नेहमीच्या मुक्या मलमलीऐवजी
माझा अर्धा कागद.
त्याच्या तारा वेगळ्या काढलेल्या,
कोनासोबत हलाव्यात पण तुटू नयेत एवढी ढील देऊन.
ही ढील मला महिनाभर जमत नव्हती.

"लाव," म्हणाले.

कोन खालून घुमला, टेबलावरचे स्क्रू थरथरले,
आणि जिथं फाटला होता
तिथून बाईचा आवाज आला, इतका स्वच्छ
की बाबांनी मान वळवून
डावा कान पुढे केला. सवयीनं. मग उजवा.

पावतीबुकात लिहिलं: ठिगळ, नग एक.
दराच्या रकान्याशी पेन अडला.
"सांग नं," माझ्याकडे न बघता म्हणाले,
"काय लावू?"